पाहुणे येईपर्यंत कुरकुरीत पदार्थ का सादळतात आणि ते कसं थांबवायचं

तक्रार नेहमीची आहे. पार्टी संध्याकाळी सातची. कटलेट, पफ, टोस्टवरचे छोटे घास, कुकीज, सगळं घरी केलेलं. दुपारी चव बघितली तेव्हा झकास होतं. सात वाजता ताटं मांडली तर कटलेटचं आवरण नरम पडलेलं, टोस्ट वातड झालेला, कुकी मोडायच्या ऐवजी वाकते. मग पुढच्या वेळी रेसिपी बदलली जाते, मैदा कमी-जास्त होतो, ओव्हनला दोष दिला जातो, आणि सात वाजता पुन्हा तेच.

माझ्या मते यात रेसिपीचा दोष फार क्वचित असतो. बिघाड होतो तो पदार्थ कढईतून किंवा ओव्हनमधून बाहेर आल्यापासून पाहुण्याच्या हातात पडेपर्यंतच्या वेळात. एवढ्या मेहनतीने केलेला पदार्थ या मधल्या दोन-तीन तासांत वाया जावा याचं खरोखर वाईट वाटतं, कारण तो वाचवणं अवघड नाही. इथे मुख्यतः त्या मधल्या वेळाबद्दलच लिहिलं आहे. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी निदान

कुरकुरीत लागतो तो कोरडा थर. त्या थरात थोडंसं पाणी शिरलं तरी तो तुटत नाही, दबतो. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: पाणी आलं कुठून?

मऊ पडलेला एक नग उचला आणि नेमका कुठे मऊ आहे ते बोटांनी दाबून बघा. वरून ठीक आणि फक्त तळाला नरम असेल, तर खाली वाफ अडकली होती. टॉपिंग किंवा सारण जिथे टेकतं तिथेच मऊ असेल, तर पाणी त्या ओल्या भागातून आलं. सगळीकडून सारखाच नरम, पण हाताला ओल लागत नाही, असं असेल तर हवेतला दमटपणा किंवा डब्यात सोबत ठेवलेला दुसरा पदार्थ कारणीभूत आहे. आणि वरून चिकट, ओलसर लागत असेल तर तो बहुधा थेट फ्रिजमधून बाहेर आला आहे.

एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण चारही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर उलट नुकसान होतं. हवेपासून वाचवायला हवाबंद डबा लागतो, आणि गरम कटलेटची वाट लावणारा तोच डबा असतो.

तळलेले पदार्थ

सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते, म्हणून इथे थोडं थांबू.

तळताना पदार्थाभोवती उठणारे बुडबुडे म्हणजे वाफ. १७० ते १८० अंशांच्या तेलात पडल्याबरोबर आवरणातलं पाणी उकळून बाहेर पडू लागतं आणि आवरण वाळत जातं. बुडबुडे जोरात आहेत तोवर आवरणात पाणी आहे. ते मंदावले, तेलाचा आवाज बारीक झाला, की वाळायचं काम संपत आलं. रंगावर जाऊ नका. आवरणात दूध किंवा साखर असेल तर ते वाळायच्या आधीच छान तपकिरी दिसतं आणि आपण फसतो. कानाने तळायची सवय लावली तर हा घोटाळा होत नाही.

आता एक साधा प्रयोग करा. गरम कटलेट स्टीलच्या ताटलीत ठेवा आणि दोन मिनिटांनी उचला. ताटलीवर त्याच आकाराचा ओलसर गोल दिसेल, कडेला बारीक थेंब. कढईतून बाहेर काढलं तरी कटलेटच्या पोटातलं पाणी अजून वाफ होऊन बाहेर यायचा प्रयत्न करत असतं. वरच्या बाजूने ती वाफ हवेत निघून जाते. खाली तिला थंड धातू लागतो, तिथे तिचं पाणी होतं, आणि तळाचा थर त्यातच बसून राहतो. टिश्यू पेपरने हे सुटत नाही. पेपर तेल टिपतो, वाफेचं पाणीही टिपतो, आणि ते ओलं फडकं पदार्थाच्या बुडाशी तसंच लागून राहतं.

म्हणून पेपरवर फक्त काही सेकंद, मग तारेच्या जाळीवर. केक गार करायची जाळी किंवा ओव्हनमधली जाळी, काहीही चालेल; खालून हवा खेळली पाहिजे एवढंच. एका थरात ठेवा, एकावर एक रचू नका. आणि झाकू नका. गरम राहावं म्हणून कॅसरोलमध्ये भरून झाकण लावणं हा तर पदार्थ वाफवण्याचाच प्रकार झाला. पोळ्यांसाठी ते भांडं उत्तम, तळणीसाठी नाही.

तेलकटपणाही याच टप्प्यावर येतो. पदार्थ तेलात असताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर तो निवू लागतो, आवरणातल्या वाफेचं पाणी होतं, पोकळीतला दाब कमी होतो आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे झारा कढईवरच दोन-तीनदा चांगला झटका आणि पदार्थ लगेच निथळू द्या. नंतर पाच मिनिटांनी पेपर दाबून फारसं काही निघत नाही.

गरम ठेवायचेच असतील तर ओव्हन ९० ते १०० अंशांवर ठेवा, पदार्थ जाळीवर, दार किंचित उघडं. अर्धा-पाऊण तास व्यवस्थित निघतो. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर सारण सुकायला लागतं.

पण पार्टीसाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते दोनदा तळणं. दुपारी १५० ते १६० अंशांवर तळून फिकट असतानाच काढा. आतून शिजलेलं असावं, रंग आलेला नसावा. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि सारण नाशवंत असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे आले की १८५ ते १९० अंशांवर दीड-दोन मिनिटं. पहिल्या तळणीनंतर निवताना आतलं पाणी आवरणाकडे सरकतं आणि दुसरी तळण ते झटकन उडवून लावते, त्यामुळे आवरण एकदाच तळलेल्यापेक्षा जास्त वेळ टिकतं. फ्रिजमधून काढलेले असतील तर आधी थोडा वेळ बाहेर ठेवा आणि एक नग फोडून मधोमध गरम झालाय ना ते बघा.

पिठात बुडवून तळायचं असेल तर मैद्याचा चौथा ते तिसरा हिस्सा कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाच्या पिठीने बदला. या दोन्हींत ग्लुटेन नाही, त्यामुळे आवरण चिवट होत नाही. पाणी बर्फासारखं गार किंवा सोडा वॉटर घ्या, आणि पीठ फेटत बसू नका. चार गुठळ्या राहिल्या तरी चालतील. घाण्यात गर्दी करू नका. एकदम दहा गार नग पडले की तेल निवतं आणि आवरण वाळायच्या आधीच तेल पितं.

एक मत सांगतो, पटलं तर घ्या. मोठ्या पार्टीला आयत्या वेळी तळायचा पदार्थ एकच असावा. दोन कढया एका माणसाला सांभाळत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला त्यांच्याशी बोलायला वेळच उरत नाही.

सारण

पफ किंवा सारण भरलेला कुठलाही पदार्थ आतून कच्चट, पिठूळ राहत असेल तर सारण बहुतेक गरम असताना भरलं होतं. गरम सारण पारीतलं लोणी वितळवतं आणि वाफेने पीठ ओलं करतं. पफचे पदर सुटतात ते थंड लोण्याच्या थरांमुळे. ते लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं तर पदर उरतच नाहीत, मग तापमान कितीही वाढवा.

भाज्या, विशेषतः मशरूम, पालक आणि कोबी, मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. पातेल्यात उलथन्याने रेघ ओढली तर तिच्यात पाणी गोळा होता कामा नये. पांढऱ्या सॉसचं सारण असेल तर सॉस इतका घट्ट हवा की ढवळताना भांड्याची कड सोडतो. मग ताटात पसरून पूर्ण गार. बटाटा उकडल्यावर सोलून उघड्यावर निवू द्या, वाफ निघून जाऊ द्या, मग कुस्करा. तरीही सैल वाटला तर ब्रेडचा कोरडा चुरा मिसळा. पफ २०० अंशांच्या पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये, आणि ट्रेही आधीपासून आत तापत ठेवलेला असेल तर तळ हमखास भाजला जातो.

टोस्ट, क्रॅकर आणि त्यावरचं टॉपिंग

दोन वेगळ्या चुका इथे एकत्र येतात, म्हणून कोडं उलगडत नाही.

पहिली चूक टोस्टची. ब्रेडचा काप कडक आचेवर भाजला की बाहेरून सोनेरी होतो, पण मधोमध ओल राहते. गार होताना ती ओल कडेकडे पसरते आणि तासाभरात संपूर्ण काप चामड्यासारखा होतो. वर टॉपिंग नसतानाही. हे टाळायला काप ८ ते १० मिलिमीटर जाडीचे घ्या, तेलाचा पातळ हात फिरवा आणि १५० ते १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटून. एक काप मोडून बघा. मधून स्वच्छ कडकन तुटला पाहिजे. वाकून फाटला तर अजून पाच मिनिटं. असे टोस्ट पूर्ण गार करून हवाबंद डब्यात दुसऱ्या दिवशीही छान राहतात.

दुसरी चूक टॉपिंगची. काकडीत आणि टोमॅटोत वजनाच्या जवळपास ९५ टक्के पाणीच असतं. चिरून मीठ घातलं की ते बाहेर यायला लागतं, आणि अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी चांगलं साठतं. हे पाणी टोस्टवर येऊ द्यायचं नसेल तर ते आधीच काढून घ्या: टोमॅटोच्या बिया आणि गर काढून फक्त भिंती बारीक चिरा, काकडीचा मधला मऊ भाग काढा, मीठ लावून १५ ते २० मिनिटं चाळणीत ठेवा, पिळा, पेपरवर कोरडं करा. बाकी मसाला नंतर. आधी मीठ लावलेलं आहे हे लक्षात ठेवून चव बघा, नाहीतर खारट होतं.

टोस्ट आणि टॉपिंग यांच्यामध्ये स्निग्ध थर लावला तर थोडा वेळ आणखी मिळतो. नरम केलेलं लोणी यासाठी सगळ्यात चांगलं, कारण त्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो. वितळवून लावू नका, वितळलेलं लोणी ब्रेडमध्ये शोषलं जातं आणि वर थर राहतच नाही. बोटाला गार लागणारं, पण सुरीने पसरणारं हवं, आणि कडेपर्यंत लावा. जिथे जागा सुटते तिथूनच पाणी आत जातं. क्रीम चीजही चालतं, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर तास काढू नका.

तरीही खरं उत्तर हेच की टॉपिंग वाढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घालावं, त्याहून आधी नाही. किंवा घालूच नये. टोस्ट एका टोपलीत, टॉपिंग दोन-तीन वाडग्यांत, शेजारी चमचे. लोक आनंदाने आपापलं घेतात आणि शेवटचा टोस्टही पहिल्याइतकाच कडक असतो.

दह्याचं डिप पाणी सोडत असेल तर दही रात्रभर कापडात टांगा, आणि मीठ व चिरलेल्या भाज्या वाढायच्या वेळी घाला. लिंबाचा रस घातल्यावर डिप सैल होणारच, तेव्हा ते आधी जरा घट्टच ठेवा.

कुकीज आणि गोड

ओव्हनमधून काढलेली कुकी मऊच असते. साखर आणि लोणी गरम असताना मऊ असतात, गार झाल्यावर घट्ट होतात. त्यामुळे निकाल गार झाल्यावरच द्या. पूर्ण गार झाल्यावरही नरम असेल तर १५० अंशांवर पाच ते आठ मिनिटं पुन्हा ठेवा आणि पुन्हा गार करून बघा. बहुतेक वेळा काम होतं.

काल कडक होत्या आणि आज नरम, असं असेल तर डबा उघडून आत आणखी काय आहे ते बघा. केकचे तुकडे आणि कडक कुकीज एकत्र ठेवल्या की केकमधलं पाणी कुकीजमध्ये जातं. पाणी जास्त ओलसर पदार्थाकडून कोरड्याकडे जातंच, मधे कागद घातला तरी जातं. केक सुका आणि कुकी मऊ, दोन्हींचं नुकसान. प्रत्येक प्रकाराला वेगळा डबा. मध किंवा ब्राऊन शुगर घातलेल्या कुकीज हवेतला दमटपणा जास्त ओढतात, तेव्हा कडक हव्या असतील तर साधी पांढरी साखर वापरा. उलट, मऊ हव्या असलेल्या कुकीज कडक झाल्या तर डब्यात ब्रेडची एक ताजी स्लाइस टाकून रात्रभर ठेवा.

कॅरॅमल लावलेले काजू-बदाम चिकट होतात त्याची कारणं दोन. एक तर पाक कमी शिजला; कडक मोडणारा पाक १५० अंशांच्या आसपास होतो. किंवा तो हवेत उघडा राहिला. अशा साखरेला दमट हवा मिनिटांत चिकट करते. गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात, आणि फ्रिजमध्ये अजिबात नाही.

फ्रिजमधून काढताना

थंड पदार्थ उघडा करून गरम खोलीत ठेवला की हवेतलं पाणी त्यावर जमतं. चॉकलेटवर हे थेंब साखर विरघळवतात, मग वाळतात आणि मागे पांढरट खरखरीत थर राहतो. ओल्या बोटाने तो थर विरघळला तर साखर आहे. कोरड्या बोटाच्या उबेने गुळगुळीत वितळला तर ते वर आलेलं कोको बटर आहे, म्हणजे चॉकलेट नीट टेम्पर (ठरावीक तापमानांना वितळवून-निववून घट्ट करणं) झालं नव्हतं किंवा मध्ये कुठेतरी तापलं होतं. दोन्ही खायला सुरक्षित आहेत, फक्त दिसायला वाईट.

उपाय सोपा आहे. डबा फ्रिजमधून बंदच बाहेर काढा आणि आतला पदार्थ खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पाणी डब्यावर बाहेरून जमेल, आत नाही.

कुठलं काम कधी

कडक कुकीज आणि कॅरॅमलचे काजू दोन-तीन दिवस आधी. पफ किंवा कटलेट आदल्या आठवड्यातही कच्चेच भरून ट्रेवर एका थरात फ्रीझ करा, कडक झाले की पिशवीत भरा. पफ फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये जातात, फक्त चार-पाच मिनिटं जास्त लागतात. वितळू देऊ नका, वितळताना पारी ओली होते. टोस्ट आदल्या दिवशी किंवा सकाळी. भाज्या दुपारी चिरून, पाणी काढून, फ्रिजमध्ये. मांडणी शेवटची वीस मिनिटं.

यात एक गोष्ट सोडून चालणार नाही. कुरकुरीत राहावं म्हणून मांस, अंडं, चीज, क्रीम किंवा उकडलेला बटाटा असलेले पदार्थ तासन्‌तास बाहेर ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. एकूण दोन तासांची मर्यादा पाळा, आणि खोली ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाची. यासाठी सगळं एकदम मांडण्याऐवजी छोटी ताटं भरा. पहिलं संपलं की दुसरं आणा, आणि अर्धवट ताटात नवे नग टाकू नका.

बेल वाजली आहे आणि पदार्थ मऊ आहेत

तळलेले आणि भाजलेले पदार्थ १८० ते १९० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर सहा ते दहा मिनिटं, एअर फ्रायर असेल तर चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह नको. तो आतलं पाणी तापवतो, त्याची वाफ आवरणात येते आणि भोवतालची हवा गार असल्याने आवरण वाळत नाही. साधे टोस्ट आणि क्रॅकर १५० अंशांवर पाच मिनिटं, आणि गार झाल्यावरच वाढा. चिकट झालेले काजू १५० अंशांवर काही मिनिटं ठेवले तर सुटतात, फक्त गार होताना एकमेकांपासून लांब पसरा आणि नजर ठेवा, साखर पटकन करपते.

टॉपिंगसकट भिजलेला टोस्ट मात्र वाचत नाही. टॉपिंग चमच्याने काढून वाडग्यात घ्या, वर ताजी कोथिंबीर किंवा थोडं ऑलिव्ह तेल घालून डिप म्हणून ठेवा, आणि सोबत कोरडे टोस्ट किंवा क्रॅकर द्या. याच कारणासाठी टॉपिंग लावताना सात-आठ टोस्ट नेहमी कोरडे बाजूला ठेवावेत.